खेडीकरियाचं मुंडकं

सोमवारी सकाळी बरणीचं झाकण उघडून पाहिलं, तर डॉ. किन्हीकरांच्या नव्या जीनसचं मुंडकं ओल्या वाळूवर पडलं होतं. धड टाचणीवर जागच्या जागी होतं. पंख नीट पसरलेले, सहाही पाय शाबूत. फक्त डोकं तेवढं नव्हतं.

मी झाकण परत लावलं. त्याने काही होणार नाही हे मलाही कळत होतं. गुरुवारी डायरेक्टरसाहेब येणार होते आणि हा किडा त्यांनाच दाखवायचा होता. किड्याला नावही त्यांचंच द्यायचं ठरलं होतं.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. आमचं ऑफिस नागपुरात, रामदासपेठेतल्या एका जुन्या बंगल्यात होतं. विदर्भातल्या पिकांवरचे किडे ओळखायचे, टाचणीवर लावून पेटीत ठेवायचे आणि शेतकऱ्याने विचारलं तर उत्तर द्यायचं, असं आमचं काम. तिसरं काम सगळ्यात कमी व्हायचं. मी तिथे ज्युनिअर एन्टोमॉलॉजिस्ट होते. टाइपिस्टची जागा रिकामी होती आणि सेक्शनमध्ये बाई मी एकटी, म्हणून टायपिंगही माझ्याकडेच होतं. दोन गोष्टींचा संबंध काय, असं कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

डॉ. किन्हीकर आमचे सेक्शन हेड. माणूस वाईट नव्हता. त्यांची पीएच.डी. गोदामातल्या धान्याला लागणाऱ्या सोंड्यांवर होती. सीनिऑरिटीने ते हेड झाले आणि हेड झाल्यावर जगातले सगळे किडे त्यांच्या अखत्यारीत आले. अशा माणसाला एकच गोष्ट राहून गेल्यासारखी वाटते. आपण एखादी नवी जात शोधावी.

तशी संधी खाप्याहून आली. कन्हानकाठच्या एका शेतकऱ्याने पोस्टकार्ड टाकलं होतं. मुळ्याचा आणि मोहरीचा पाला काळ्या अळ्या खाऊन राहिल्या आहेत, हात लावला की गोल होऊन खाली पडतात, हा किडा कोणता ते कळवावं. सोबत जुन्या डब्यात अळ्या. डबा घेऊन आले आमचे लॅब अटेंडंट पराते. ते खाप्याचेच.

अळी पाहिली की लोक म्हणतात, पुढे पतंग होणार. बहुतेक वेळा बरोबर असतं. पण अळीचे मागचे मांसल पाय मोजावेत. पाच जोड्या किंवा त्याहून कमी असल्या तर पतंग किंवा फुलपाखरू. पाचाहून जास्त असल्या तर सॉफ्लाय. या अळ्यांना आठ जोड्या होत्या. म्हणजे सॉफ्लाय, आपली करवतमाशी. ही मुळात माशी नाहीच. ती मधमाशी आणि मुंगीच्या भाऊबंदांतली, पण त्यांच्यासारखी बारीक कंबर हिला नसते. मादीच्या शेपटीशी एक अगदी बारीक करवत असते. तिने ती पान चिरते आणि चिरेत अंडं घालते.

अळ्या आम्ही मातीच्या कुंड्यांत वाढवल्या. त्या मातीत शिरून कोषात गेल्या आणि दहा-पंधरा दिवसांनी त्यातून करवतमाश्या निघाल्या. नारिंगी अंग, काळं डोकं, धुरकट पंख. मोहरीवरची नेहमीची सॉफ्लाय, असं मी त्याच दिवशी म्हटलं होतं. डॉक्टर म्हणाले, "बाई, असं नुसतं पाहून म्हणायचं नसतं. एक्स्पर्ट ओपिनियन घ्यायचं असतं." पेटी पार्सलने दिल्लीच्या एका तज्ज्ञाकडे गेली. सात महिन्यांनी ती न उघडता परत आली. वर शेरा होता, संबंधित अधिकारी रजेवर आहेत. शेतकऱ्याला उत्तर गेलं नाही, कारण एक्स्पर्ट ओपिनियन आलं नव्हतं.

जाण्यायेण्याच्या प्रवासात पेटीतली एक टाचणी सुटली होती. सुटलेली टाचणी म्हणजे आमच्या धंद्यातला वळू. ती पेटीभर हिंडते आणि वाटेत येईल ते मोडते. डॉक्टरांनी पेटी उघडली, नाक मुरडलं आणि म्हणाले, "पराते, हे नीट करून ठेवा."

परात्यांनी नीट करून ठेवलं.

आणखी दोन महिन्यांनी डॉक्टरांना त्या पेटीची आठवण झाली. ते किडे मायक्रोस्कोपखाली घेऊन बसले आणि की उघडली. की म्हणजे किडा ओळखायचं कोष्टक. इतवारीच्या गल्ल्यांत नवख्या माणसाने पत्ता विचारत जावं तसं ते असतं. प्रत्येक चौकात दोनच वाटा. मिशीला तीन पेरं असली तर इकडे, जास्त असली तर तिकडे. पंखात अमुक जागी आडवी शीर असली तर इकडे, नसली तर तिकडे. एक एक चौक मागे टाकत शेवटी आपण एका दारापाशी येतो आणि दारावर नाव असतं.

डॉक्टर कोणत्याच दारापाशी पोचले नाहीत. मिशीला पेरं तीन, तिसरं लांबलचक, न तुटलेलं. म्हणजे एका घराण्यातला. पण त्या घराण्यात पंखाला जी शीर नसते, ती इथे ठळक होती. ती शीर धरून चालावं तर दुसऱ्या घराण्यात, आणि त्या घराण्यात मिशी बारीक मण्यांच्या माळेसारखी दहा-अकरा पेरांची. तीन दिवस ते त्याच दोन चौकांत येरझारा घालत होते. चौथ्या दिवशी मला बोलावलं.

"बाई, बसा. हा नवा जीनस आहे."

जीनस म्हणजे नुसती जात नव्हे, जातींचं अख्खं कुटुंब. नवी जात सापडणं म्हणजे गावात नवा माणूस येणं. नवा जीनस म्हणजे नवं आडनावच.

मी पाहिलं. खरोखर कुठेच बसत नव्हता. एक गोष्ट मात्र मला खटकली. डोक्यावर निळसर झाक होती आणि उरलेल्या अंगावर तिचा पत्ता नव्हता. कुंडीतून निघाले तेव्हाही ही झाक पाहिल्याचं मला आठवेना. मी तसं म्हटलं.

"नवा जीनस आहे, बाई," डॉक्टर म्हणाले. "काहीतरी नवं असणारच."

याच्यावर काय बोलणार? आणि तसे नमुने एक नव्हे, पाच होते. एकच असता तर विकृती म्हणून सोडून देता आलं असतं. पाचही नमुने मिशीपासून झाकेपर्यंत सारखे. इथे मीही गप्प बसले. शिवाय या नव्या जीनसवरच्या पेपरवर डॉक्टरांच्या नावाखाली माझं नाव येणार होतं आणि त्या वयात मला त्याचा मोह पडला, हे आज कबूल करते.

नाव ठरवायची बैठक अकराच्या चहाला झाली.

"जीनसला डायरेक्टरसाहेबांचं नाव देऊ," डॉक्टर म्हणाले. "खेडीकरिया. कसं वाटतं?"

"चांगलं वाटतं, सर."

"पुढे स्पीशीजचं, म्हणजे जातीचं, नाव लागेल. संकेत असा आहे की शोधणाऱ्याने स्वतःचं नाव स्वतः द्यायचं नसतं." ते बशीतला चहा प्याले. "ते को-ऑथरने सुचवायचं."

को-ऑथर म्हणजे मीच. मी थोडा विचार केल्यासारखं केलं.

"खाप्याचा आहे सर, खापेन्सिस ठेवू."

"खापेन्सिस," डॉक्टर म्हणाले. "बघू."

पुढचे दोन दिवस त्यांनी मला चहाला बोलावलं नाही. पेपर टाइप झाला, एक प्रत डायरेक्टरसाहेबांना गेली. साहेबांचं उत्तर आठ दिवसांत आलं. त्या ऑफिसकडून आठ दिवसांत उत्तर आल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते. साहेब किडा पाहायला जातीने येणार होते.

आता पेपरला करवतीचं चित्र हवं होतं. करवत पाहायला किड्याचं शेपूट उघडावं लागतं आणि वाळलेला किडा हात लावताच पापडासारखा मोडतो. म्हणून त्याला आधी बरणीत ठेवून मऊ करतात. तळाशी ओली वाळू, बुरशी येऊ नये म्हणून कार्बोलिकचे चार थेंब, वर घट्ट झाकण. शनिवारी दुपारी मी एक नमुना ठेवला. सोमवारी काय दिसलं ते सुरुवातीलाच सांगितलं आहे.

ते मुंडकं मी ब्रशच्या टोकावर उचलून मायक्रोस्कोपखाली धरलं. मान तुटली तर तुटलेली जागा दिसते. तंतू दिसतात, फाटलेली त्वचा दिसते. इथे एक पांढुरका, चिकट ठिपका होता. धडाच्या मानेवरही तसाच. मी वास घेतला. शिळ्या भाताच्या पेजेसारखा वास.

पराते मागच्या व्हरांड्यात पेट्यांना नॅप्थलीनच्या गोळ्या घालत बसले होते. पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. घरचा धंदा हातमागाचा. भाऊ अजून खाप्यात लुगडी विणत होते. माग सगळ्यांना पोसेना म्हणून हे आमच्याकडे मस्टरवर लागले. मस्टरवर म्हणजे रोजंदारीवर. त्याला नऊ वर्षं झाली होती. त्या वर्षी अटेंडंटची एक जागा परमनंट झाली होती आणि महिनाअखेर भरली नाही तर ती रद्द होणार होती. परात्यांची फाइल डॉक्टरांच्या टेबलावर होती. गुरुवारी डायरेक्टरसाहेब आले की त्यांची सही घ्यायची, असं ठरलं होतं.

"पराते, या किड्याचं डोकं तुम्ही जोडलं का?"

त्यांनी बरणी उजेडाकडे धरली. "हो जी. सुटलं का? खळ पातळ झाली असन."

खळ म्हणजे मागावर चढवायच्या आधी सुताला लावतात ती पेज.

"डोकं आणलं कुठून?"

"आगपेटीतून."

ते उठले, आतल्या फळीवरची आगपेटी घेऊन आले. उघडली. आत कापसावर काळी, निळसर झाकेची मुंडकी ओळीने मांडलेली होती. ज्वारीच्या दाण्याहून लहान. मिशा न मोडता.

"ही कोणाची?"

"आपल्या डॉक्टरसाहेबाच्या रामदासपेठेतल्या बंगल्यावरच्या गुलाबाचे किडे नव्हते का? बाईसाहेबानं डब्यात धाडले होते. उन्हाळ्यात कपाटाच्या पायाखालच्या वाट्यातलं पानी आटलं अन् मुंग्या चढल्या. धडं मुंग्यायनं नेली. डोकी चांगली होती. फेकाची काहून?"

"आणि खाप्याच्या किड्यांची स्वतःची डोकी?"

"त्यायचा तं भुगा झाला होता, बाई. टाचनी फिरली न पेटीत."

"म्हणून याचं डोकं त्याला?"

"माप पाहून लावलं जी. काळ्याले काळं. दोन जरा मोठी होती, ती नाई लावली." त्यांच्या आवाजात हलगर्जीपणाचा आरोप झाल्याची नाराजी होती. "मागावर सूत तुटलं तं तसंच सोडते का कोनी? जोडते. अन् जोड दिसला तं तो कारागीर कायचा?"

"पण मला, साहेबांना सांगायचं तरी."

"कोनी इचारलंच नाई. साहेब म्हनले, नीट करून ठेवा. मी नीट करून ठेवले."

मी व्हरांड्याच्या पायरीवर बसले. हसू येत होतं आणि गुरुवारही आठवत होता. गुलाबाच्या सॉफ्लायचं डोकं, मोहरीच्या सॉफ्लायचं धड. रामदासपेठ आणि खापा. म्हणूनच कीमध्ये दोन घराणी दिसत होती, कारण दोन घराणी होतीच. आणि पाचही नमुने सारखे, कारण पाचही एकाच माणसाने सारख्याच काळजीने जोडले होते.

परात्यांना माझ्या चेहऱ्यावरून काहीतरी कळलं.

"काई चुकलं का, बाई?"

मी त्यांना सांगितलं. पेपर, नवा जीनस, साहेबांचं नाव, सगळं. ते ऐकत राहिले. मग आगपेटी बंद करून खिशात ठेवली आणि विचारलं, "मंग माह्या फाइलीचं?"



"लावून देऊ का परत?" ते खालच्या आवाजात म्हणाले. "या टायमाले डिंक घालतो खळीत. बरनीत ठेवलं तरी सुटनार नाई."

खोटं कशाला सांगू, मी विचार केला. पाच मिनिटं तरी केला. डोकं लागलं असतं, गुरुवार पार पडला असता, फाइलवर सही झाली असती, माझं नाव छापून आलं असतं. दहा वर्षांनी कुठल्या तरी देशातला कोणी गृहस्थाने नमुना मागवून घेतला असता आणि त्याच्या बरणीत मुंडकं पडलं असतं. दहा वर्षं हा काळ त्या पायरीवर मला फार मोठा वाटला. पण मला त्या निळ्या झाकेचा राग येत होता. ती मी पहिल्याच दिवशी पाहिली होती.

"नको," मी म्हटलं. "आणि तुम्ही आज डॉक्टरांसमोर येऊ नका."

डॉक्टर खुशीत होते. टेबलावर डायरेक्टरसाहेबांसाठी आणलेला नवा टेबलक्लॉथ होता. मी बरणी त्यावर ठेवली आणि जे होतं ते सांगितलं.

"जास्त वेळ ठेवलं तुम्ही बरणीत," ते म्हणाले.

"सर, मानेशी खळ आहे."

"कसली खळ?"

"सुताची."

त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. मी पेटीतला दुसरा नमुना घेतला, ओला ब्रश मानेवर धरून ठेवला आणि हळूच ढकलला. डोकं सुटून आलं. तिसऱ्याचंही सुटलं. चौथा उचलला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बस. राहिलेले दोन असू द्या."

ते का असू द्यायचे, हे मी विचारलं नाही.

"कोणाचं काम आहे हे?"

सांगावं तर लागणारच होतं. मी सांगितलं. डॉक्टरांचा चेहरा लाल झाला.

"काय करून राहिला होता हा माणूस! नऊ वर्षं! आजच्या आज काढतो त्याले." रागावले की त्यांचं पुस्तकी मराठी सुटायचं. "टाइपरायटर घ्या. ऑर्डर लिहा."

मी कागद चढवला.

"श्री. पराते, मस्टर कामगार, यांनी सरकारी नमुन्यांची मोडतोड केल्यामुळे..."

"मोडतोड टाचणीने केली, सर. यांनी जोडणी केली."

"मग लिहा, नमुन्यांत अनधिकृत फेरफार केल्यामुळे..."

"केव्हा उघडकीस आलं ते लागेल. तारीख."

"आजची घाला."

"पेपर साहेबांकडे जाऊन महिना झालाय. मधल्या काळात नमुने कोणी तपासले, असं विचारतील."

डॉक्टरांनी खिडकीबाहेर पाहिलं. आवारात परात्यांची सायकल उभी होती.

"तसं नको. असं लिहा, किड्यांच्या डोक्यांची अदलाबदल करून वरिष्ठांची दिशाभूल..." इथे ते आपणच थांबले. वरिष्ठ म्हणजे कोण, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. "खोडा ते."

मी खोडलं.

"सरळ लिहा, काम असमाधानकारक."

"सर, फाइलवर तुमचा मागच्या आठवड्यातला शेरा आहे." मी फाइल उघडून समोर धरली. नवा जीनस सापडल्याच्या आनंदात त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, नमुने जतन करण्यात असाधारण कौशल्य.

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. पहिल्यांदाच मला ते दमलेले वाटले. मला त्यांची कीव आली, पण थांबण्याइतकी नाही.

"सर, दोनच वाटा आहेत," मी म्हटलं. "पराते दोषी, तर कारण लिहावं लागेल. पराते दोषी नाहीत, तर काहीच लिहावं लागत नाही."

"तिसरी?"

"कीमध्ये तिसरी नसते, सर."

ते माझ्याकडे रोखून पाहू लागले. मला वाटलं, आता माझीही ऑर्डर याच कागदावर निघते.

"पेपरवर तुमचंही नाव आहे, बाई. हसतील ते तुम्हालाही हसतील."

"हो सर. झाक मी पाहिली होती आणि गप्प बसले. तेवढं हसू माझ्या वाट्याचं आहे."

त्यांनी टाइपरायटरवरचा कागद ओढून काढला, चार तुकडे केले आणि खिशात घातले. कचऱ्याच्या टोपलीत नाही, खिशात. मग म्हणाले, "फाइल इथेच ठेवा." फाइल इथेच म्हणजे सहीला की अडवून, ते कळलं नाही. मी विचारायचा प्रयत्न केला, तर ते टेलिफोनचं पुस्तक वाचू लागले.

मंगळवार आणि बुधवार परात्यांनी जेवणाचा डबा उघडला नाही. दुपारी व्हरांड्यात बसून ते पेट्यांच्या काचा पुसत राहिले. एकदाच म्हणाले, "घरी सांगून ठेवलं होतं जी, गुरुवारी परमनंट होतो म्हनून."

गुरुवारी डायरेक्टरसाहेब आले. सोबत पत्नी, आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेले मेहुणे. साहेबांनी नवीन भिंग विकत घेतलं होतं. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, "कुठे आहे आमची माशी?"

डॉक्टर उभे होते. रात्रभर पाठ केलेलं वाक्य त्यांनी म्हटलं. "सर, अधिक तपासणीअंती असं निष्पन्न झालं आहे की सदर कीटकाला यापूर्वीच नाव देण्यात आलेलं आहे."

"कोणाचं?"

"कोणाचं म्हणजे... मोहरीवरची सॉफ्लाय आहे, सर. मुळ्यावरही पडते."

साहेबांनी भिंग खाली केलं. "मुळ्यावर?"

"हो सर. पाला खाते."

"म्हणजे माझं नाव तुम्ही मुळ्याच्या किड्याला देणार होता?"

 हा मुद्दा आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आला नव्हता. साहेबांच्या पत्नीने पदराने तोंड झाकलं. साहेब घुश्शात म्हणाले, "वेळेवर कळलं, नाहीतर आमच्या सोसायटीत तोंड दाखवायला जागा राहिली नसती." मुळा नसता आणि गुलाब असता तर चाललं असतं, असं ते पुढे म्हणाले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

वातावरण निवावं म्हणून मी पेटी पुढे केली. मोहरीवरच्या सॉफ्लायचे दुसऱ्या गावांहून आलेले जुने नमुने आणि कडेला डॉक्टरांनी असू दिलेले ते दोघं. साहेबांच्या पत्नीने नेमकं त्या दोघांवरच बोट ठेवलं.

"हे बाकीच्यांपेक्षा किती छान ठेवलेत. मिशासुद्धा मोडल्या नाहीत. कोण करतं हे?"

पराते दारात पाण्याचे ग्लास घेऊन उभे होते.  डॉक्टर पेटीची काच पुसू लागले. मी मनात म्हटलं, बोला हो. तुमच्या हातात आहे.

"पराते करतात," डॉक्टर म्हणाले. जड जात होतं, पण म्हणाले. "हे पराते. नऊ वर्षं झाली. त्यांची फाइल आहे, सर, तुमच्या सहीला."

साहेबांनी फाइल तिथेच पेटीच्या काचेवर ठेवली, शेरा मोठ्याने वाचला, असाधारण कौशल्य, आणि सही केली. मेहुण्यांनी फोटो काढला. साहेब, डॉक्टर, पेटी. खेडीकरियाची शेवटची दोन मुंडकी त्या फोटोत आहेत. तो फोटो ऑफिसच्या भिंतीवर मी रिटायर होईपर्यंत होता आणि नव्या पोरांना मी तो दाखवत असे, कारण सांगत नसे.

साहेबांची गाडी गेल्यावर पराते आत आले. डॉक्टरांच्या टेबलापाशी उभे राहिले. आगपेटी खिशातून काढून टेबलावर ठेवली.

"हे काय?" डॉक्टर म्हणाले.

"राह्यलेली डोकी जी. आता तुमच्यापाशी ठेवा."

डॉक्टरांनी आगपेटी उघडून पाहिली, बंद केली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. "यापुढे जोडाल तर खाली चिठ्ठी लावायची. काय कोणाचं आहे ते लिहायचं."

"हो जी," पराते म्हणाले. "पन चिठ्ठी लावली तं जोड दिसन न."

"दिसू द्या," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी खाप्याच्या शेतकऱ्याला पोस्टकार्ड लिहिलं. आपला किडा मोहरीवरची सॉफ्लाय आहे. सकाळी गारव्यात अळ्या वेचून मारा, पीक निघालं की जमीन खोल नांगरा, म्हणजे मातीतले कोष उघडे पडतात. हे मला पहिल्याच दिवशी माहीत होतं. कार्ड परात्यांनीच नेऊन दिलं. सोमवारी मी विचारलं, काय म्हणाले?

"म्हनले, चांगलं झालं, कळलं. त्यानं मुळा कधीचा मोडला, बाई. तिथं आता गहू हाय."

पुढे मी तीस वर्षं किडे ओळखले. नवी जात मला एकही सापडली नाही. पण कोणी पाच सारखे नमुने पुढे ठेवून पाच पुरावे आहेत म्हणालं, की मी आधी ते ठेवणाऱ्या माणसाचं नाव विचारते. कधी कधी पुरावा एकही नसतो, फक्त एका माणसाने आपलं काम पाच वेळा नीट केलेलं असतं.